घरी बसलेले मत कुणाच्या पदरात पडते?

‘मत देऊन काय होणार? सगळे एकाच माळेचे मणी!’ निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांत, बुद्धविहाराच्या कट्ट्यावर हे हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याला खोटे ठरवण्याची माझी हिंमत नाही. रिपब्लिकन पक्षाची शकले त्याने पाहिली आहेत, ऐक्याच्या घोषणाही ऐकल्या आहेत आणि ते ऐक्य एका तिकिटापायी मोडतानाही पाहिले आहे. त्याचा राग खरा आहे. पण त्या रागाने तो घरी बसतो, तेव्हा शिक्षा कुणाला होते? विकल्या गेलेल्या नेत्याला तर नाहीच. वाड्यावरचे मत कधी चुकत नाही, त्याला न्यायला गाडी येते. चुकते ते आपलेच.

मताचा अधिकार या नेत्यांनी दिलेला नाही. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. मालमत्ता आणि करभरण्याच्या अटींपुढे अस्पृश्यांचे मत जवळजवळ नव्हतेच. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांसाठी मताधिकार मागितला. १९३५ च्या कायद्यानेही तो दिला नाही. अखेर संविधानाच्या ३२६ व्या कलमाने तो आला.

आणि त्यानंतर? १९५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून संविधानाचे शिल्पकारच १४ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. हजारो मतपत्रिका बाद ठरल्या, त्याविरुद्ध ते न्याय मागायला गेले. १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली, तिथेही पराभवच. निराश होण्याचा हक्क कुणाला असेल तर तो त्यांना होता. तरीही अखेरच्या दिवसांत ते नव्या रिपब्लिकन पक्षाचा आराखडा करीत होते.

१९९८ साली आपले चार नेते महाराष्ट्रातून, तेही खुल्या मतदारसंघांतून, लोकसभेत गेले. काँग्रेसशी समझोता होता, मान्य. पण उन्हात रांगा लावणारी आपलीच माणसे होती. पुढे त्या यशाची माती झाली, तो दोष रांगेतल्या माणसांचा नव्हे.

‘नोटा’ दाबू, असे तरुण म्हणतात. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो. उलट २०२४ साली वायव्य मुंबईचा खासदार ठरला तो ४८ मतांनी. आपल्या एका चाळीत याहून जास्त मतदार असतात!

खरी गळती मात्र आधीच होते. पुनर्वसनासाठी झोपडी पाडली, कुटुंब संक्रमण शिबिरात गेले आणि यादीतला पत्ता जुनाच राहिला. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, नेमका ऊसतोडीचा हंगाम सुरू होताना. कोयता घेऊन निघालेल्याने मत कुठे द्यायचे? जयंतीच्या वर्गणीला आपली पोरे दारोदार फिरतातच. त्याच वहीत घरातल्या कुणाचे नाव यादीत नाही तेही लिहून घ्यावे, नव्या नावाला नमुना ६ आणि पत्ताबदलाला नमुना ८ भरून द्यावा. वर्गणी थोडी कमी जमली तरी चालेल.