भूमिका कोणाला द्यावी?

आपल्या डॉक्टर मंडळींच्या स्नेहसंमेलनात यंदा संगीत नाटक करावे, अशी सूचना निघाली की बैठकीतील सर्वांचे चेहरे उजळतात. नाटक कोणते, पेटीवर कोण, तबल्याला कोण, शालू आणि पगड्या कोठून आणायच्या, याची चर्चा रात्री उशिरापर्यंत रंगते. एका प्रश्नापाशी मात्र सर्वांचा आवाज खाली येतो. नायिका कोण? या प्रश्नाचे उत्तर बहुधा बैठकीपूर्वीच ठरलेले असते. चाचणी होते ती केवळ रीत म्हणून. काही ज्येष्ठांना रुचणार नाही हे ठाऊक असूनही याच विषयावर चार शब्द लिहीत आहे.

प्रारंभी स्वतःची चूक सांगणे योग्य. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका हौशी प्रयोगासाठी पात्रनिवड करावयाची होती. परीक्षक तिघे होतो. त्यांत मी एक. मला गाण्यातले फारसे कळते असे नाही. मी डॉक्टर होतो, एवढीच माझी पात्रता. आठ-दहा जणींनी पदे म्हटली. त्यांत एका परिचारिकेची मुलगी होती. तिने पेटीवाल्यांना नम्रपणे काळी चार धरावयास सांगितले आणि पहिल्याच आलापात खोली शांत झाली. आम्ही तिघांनीही एकमेकांकडे पाहिले. तरीही भूमिका तिला मिळाली नाही. संवाद वाचताना तिच्या बोलण्यात तेलुगूचा हेल येतो, असे कारण एकाने पुढे केले. खरे कारण निराळे होते. नेपथ्याचा खर्च ज्यांनी उचलला होता, त्यांच्या घरातील सुनेला ती भूमिका हवी होती. निवडीच्या कागदावर मीही सही केली. त्या मुलीला निरोप देण्याचे कामसुद्धा कोणी केले नाही. यादी दारावर लागली, तीत तिचे नाव नव्हते, एवढेच.

नाटक झाले, टाळ्याही पडल्या. परंतु ती मुलगी पुन्हा आमच्या कोणत्याही कार्यक्रमात दिसली नाही.

संगीत नाटकाचा इतिहास पाहता ही चूक किती मोठी, ते ध्यानात येते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यानंतर या नाटकाचा सारा डोलारा गळ्यावर उभा राहिला. भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाची ख्याती ऐकून त्यांना बडोद्याहून आणण्यात आले. १९०१ मध्ये ते गेले, आणि किर्लोस्कर मंडळीला नव्या गळ्याचा शोध घेणे भाग पडले. तो शोध जेथे संपला ती जागा आपल्यासारख्या वैद्यकव्यवसायातील मंडळींनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाच्या कानात दोष होता. शाहू महाराजांनी उपचारासाठी त्याला मिरजेस पाठविले. तेथेच नाटक मंडळीच्या धुरीणांनी त्याचे गाणे ऐकले, आणि १९०५ साली तो किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. पुढे हाच मुलगा बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या हृदयात बसला. आपल्यापैकी कोणी परीक्षक असता, तर केसपेपरवर 'श्रवणदोष' असे लिहून त्याला परत पाठविले असते!

त्या मंडळींनी गळा ऐकला, कारण त्यांना तो ऐकणे भाग होते. प्रेक्षक तिकीट काढून येत. गाणे पडले तर दुसऱ्या रात्री थिएटर रिकामे राही, आणि शे-पन्नास माणसांचे पोट त्यावर चालत असे. आजही आपल्या शेजारी चंद्रपूर-गडचिरोलीकडे झाडीपट्टीची रंगभूमी सुगीनंतरच्या हंगामात जिवंत असते. वडशाला मंडळ्यांची कार्यालये थाटतात, गावोगाव रात्रभर नाटके होतात, आणि तेथेही ज्याचे गाणे-बोलणे लोकांना भावत नाही त्याला पुढच्या हंगामात काम मिळणे कठीण. आपल्या हौशी प्रयोगाला मात्र अशी कोणतीच कसोटी नाही. प्रवेश विनामूल्य, प्रेक्षक नात्यातले, आणि टाळ्या आधीच ठरलेल्या. म्हणूनच जो न्याय व्यावसायिक नाटकात पोटापायी आपोआप होतो, तो येथे आपण जाणीवपूर्वक करावा लागतो.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, हा आनंदाचा मामला आहे, येथे परीक्षा कशाला? दिवसभर रुग्ण तपासून थकलेला माणूस चार घटका विरंगुळ्यासाठी येतो. त्याला नापास का करावे? हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. चाचणीला उभे राहण्यातील यातना मी स्वतः अनुभवल्या आहेत. गेल्या वर्षी, वयाची साठी ओलांडल्यावर, मी एका पदासाठी नाव दिले. पाळी येताच तोंडाला कोरड पडली, हात थरथरू लागले, नाडी शंभराच्या पुढे गेली. अॅड्रिनलिनचे हे सर्व परिणाम मी विद्यार्थ्यांना कैक वेळा समजावून सांगितले होते. पण ते ज्ञान त्या क्षणी काडीइतके उपयोगी पडले नाही. (अशा वेळी प्रोप्रॅनोलॉलची गोळी खिशात ठेवणारे व्यवसायबंधू आहेत. त्यांनी दम्याचा इतिहास असलेल्या सहकलाकाराला ती उदारपणे वाटू नये, इतकेच सुचवितो.) मला पद मिळाले नाही, नांदीच्या गायकवृंदात मागच्या रांगेत जागा मिळाली. दोन दिवस वाईट वाटले. परंतु दिग्दर्शकांनी समोर बसवून सांगितले, "डॉक्टरसाहेब, आवाज गोड आहे, पण तालात घाई होते. नांदीत उभे राहा, मात्रा मोजायची सवय होईल." ते खरे होते. चाचणीने माणूस दुखावतो हे खरे, पण त्याहून अधिक तो न सांगितलेल्या कारणाने दुखावतो.

दुसरा आक्षेप देणगीचा. पैसा देणाऱ्यांचा मान राखावयास नको काय? अवश्य राखावा. स्मरणिकेत नाव छापावे, पहिल्या रांगेत बसवावे, श्रीफळ आणि शाल द्यावी. परंतु रक्तपेढीला देणगी दिली म्हणून कोणी आपला रक्तगट बदलून मागत नाही.

मग उपाय काय? मला सुचलेला उपाय आपल्या प्रत्येकाच्या तपासणीच्या खोलीत उभा आहे. तो म्हणजे घडीचा पडदा. अमेरिकेतील अनेक मोठ्या वाद्यवृंदांनी १९७०च्या सुमारास व त्यानंतर वादकांची चाचणी पडद्याआडून घ्यावयास प्रारंभ केला. वाजविणारा दिसेनासा झाला, आणि स्त्री वादकांना पूर्वीपेक्षा अधिक संधी मिळू लागली, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. आपणही पदांची पहिली फेरी अशीच घ्यावी. पडद्यामागे उमेदवार, पुढे परीक्षक, आणि हाती नावाऐवजी क्रमांक. लहान गावात आवाजावरूनही माणूस ओळखू येतो, हे मी जाणतो. पण निदान परीक्षकाला डोळे वर करून कोणाकडे पाहावे लागत नाही, आणि दारात कोणाची गाडी उभी आहे, हे त्याने विसरावे अशी सोय होते. अभिनयाची फेरी त्यानंतर समोरासमोर घ्यावी.

सोबत आणखी काही गोष्टी पाळाव्यात. पद आणि उतारा पंधरा दिवस आधी जाहीर करावा, म्हणजे ज्यांच्या घरी शिकविणारे कोणी नाही त्यांनाही तयारी करता येईल. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या पट्टीत गाऊ द्यावे. घसा बसला असेल तर दुसरी तारीख द्यावी. सुजलेल्या स्वरतंतूंवर निकाल लावणे हे वैद्यकीयदृष्ट्याही अयोग्य आहे. परीक्षकांत किमान एक व्यक्ती बाहेरगावची असावी, आणि ज्याच्या घरातील उमेदवार आहे त्याने उठून जावे. निकाल दारावर न लावता प्रत्येकाला बोलावून सांगावा. शेवटचे असे की, प्रत्येक मुख्य भूमिकेला पर्यायी पात्र तयार ठेवावे. आपल्यातील स्त्रीरोगतज्ज्ञांना कोणत्या प्रवेशात प्रसूतिगृहातून बोलावणे येईल, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते!

राहिला भाषेचा मुद्दा. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आदिलाबाद हे हैदराबाद संस्थानातील बहुभाषी गाव. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील राजुरा व किनवट हा भाग पलीकडे गेला, आपण पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. आपल्या मुलांच्या कानावर शाळेत तेलुगू पडते, बाजारात उर्दू-हिंदी, दिवाळीत दंडारीची गोंडी गाणी, आणि घरी मराठी. त्यांच्या मराठीत हेल असणारच. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ सालचे नाटक आठवा. त्यातील खाँसाहेब उभे करणारे वसंतराव देशपांडे वऱ्हाडातील मूर्तिजापूरचे, अनेक वर्षे कारकुनी केलेले. ही भूमिका मिळाली तेव्हा त्यांनी सत्तेचाळिशी गाठली होती. रंगभूमीला उच्चार शिकविता येतो, तालीम त्यासाठीच असते. गळा मात्र शिकवून येत नाही. ज्या गावात मराठी टिकविण्यासाठी आपण सभा भरवितो, त्याच गावात मराठी पद गाऊ इच्छिणाऱ्या मुलीला तिच्या हेलापायी परत पाठविणे, यासारखा आत्मघात दुसरा नाही.

ती परिचारिकेची मुलगी मला अलीकडे पुन्हा भेटली. तिच्या लेकीचा घसा सुजला होता, म्हणून दवाखान्यात आली होती. तपासून झाल्यावर मी विचारले, गाणे चालू आहे काय? ती हसून म्हणाली, "नाही सर, पण हिला येतं. मी शिकवते घरी." मुलीला बोलते करावे म्हणून मी म्हटले, बरी झालीस की एक पद म्हणून दाखव. तिने आईकडे पाहिले. आई काहीच बोलली नाही.

त्या सहीची भरपाई मला आता करता येणार नाही. पण यंदाच्या चाचणीला ती लेक आली, तर माझ्या दवाखान्यातील घडीचा पडदा सभागृहात पोहोचलेला असेल, एवढे आश्वासन मी येथे लेखी देतो. बाकीचे काम मंडळाच्या सभासदांनी करावे, ही नम्र विनंती.