वेष आणि आदर

कापडाच्या दुकानांत पैठणी नेसलेली बाई आली कीं ठाणांवर ठाणें उलगडलीं जातात. विटलेलें पातळ नेसलेलीस माल दाखविण्यापूर्वीं भाव ऐकविला जातो. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमान्वयें केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास दुकानाचें दार बंद करितां येत नाहीं. वेषाचा उल्लेख त्यांत नाहीं. तो प्रांत संस्काराचा. वेष्टनावर छापलेली कमाल किंमत सर्वांस सारखी. आदर मात्र दुकानदाराच्या नजरेवर अवलंबून.

वाचकहो, घरच्या मोलकरणीस यादी देऊन आपण वाण्याकडे धाडतों, तेव्हां तिला किती वेळ तिष्ठावें लागतें, हें तिला एकदां विचारावें. आपल्या दारीं आलेल्या भाजीवालीस आपण कोणत्या शब्दांनीं हांक मारतों, हेंही मुलें ऐकत असतात.