पोरांनी सुरू केलंय, आपण धरून ठेवू

रविवारी सकाळी मुठेच्या काठी विठ्ठलवाडीच्या बाजूला किंवा औंधला राम-मुळा संगमाकडे एक फेरी मारा. हातमोजे घातलेली, पोती घेतलेली कॉलेजची मुलंमुली तिथं अनेकदा दिसतात. नदीचा एकेक काठ दत्तक घ्यायचा आणि नेमानं तिथं जायचं, ही रीत पुण्यात ‘जीवितनदी’नं रुजवली. मग प्लॉगिंगवाले आले, एनएसएसची पथकं आली, टेकडीवर झाडांना पाणी घालणारे गट आले. चालायला निघालेले आपण मोठे लोक क्षणभर थांबतो, ‘छान करताय हो!’ म्हणतो, एक फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो आणि पुढे जातो. हे लिखाण त्या पुढे जाणाऱ्यांसाठी आहे.

पुण्यातल्या तरुणांच्या कामाला कौतुकाची वाण नाही. वाण आहे ती ते काम मागे सांभाळणाऱ्यांची.

हे शहर शिकायला येणाऱ्यांचं आणि शिकून जाणाऱ्यांचं. एफवायला आलेला मुलगा टीवाय संपलं की बंगळुरूला नोकरी धरतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारी मुलगी निकाल लागला की दुसऱ्या जिल्ह्यात रुजू होते. इथलीच पोरं असली तरी दहावी, बारावी, एन्ट्रन्स यांत वर्षं जातात. ज्यानं इमारतीमागे ओल्या कचऱ्याचा खड्डा सुरू केला, तो तीन वर्षांनी त्या इमारतीत राहत नाही. खड्डा बंद पडतो आणि आपण म्हणतो, आरंभशूर आहेत, नव्याचे नऊ दिवस. हा आरोप अन्यायाचा आहे. घर सोडण्याचं, परगावी जाण्याचं हे त्यांचं वयच आहे. पंचवीस-तीस वर्षं एकाच पत्त्यावर राहतो ते आपण. काम टिकवायची जबाबदारी पत्ता न बदलणाऱ्याची.

विवेक गुरव या तरुणानं २०१८ मध्ये ‘पुणे प्लॉगर्स’ सुरू केलं. पळता पळता रस्त्यावरचा कचरा उचलायचा, एवढीच कल्पना. पुढे तो पर्यावरण धोरणाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला गेला, तिथंही त्यानं हेच काम मांडलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांचा ‘पॉइंट्स ऑफ लाइट’ सन्मान त्याला मिळाला. पुण्यात बातमी आली, आपल्याला अभिमान वाटला. मला मात्र त्या सन्मानाइतकीच मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: तो गेला तरी पुण्यातला गट थांबला नाही. असं क्वचित होतं. ते सगळीकडे व्हायला हवं.

कोणतं काम टिकतं, हे पाहायचं तर ‘सागरमित्र’ अभियानाकडे पाहा. २०११ मध्ये पुण्यातल्या एका शाळेपासून ते सुरू झालं आणि पुढे शेकडो शाळांत पोचलं. यात मुलांनी रस्त्यावरचं काही उचलायचं नसतं. आपल्या घरात येणारं प्लास्टिक रिकामं करायचं, धुवायचं, वाळवायचं, साठवायचं आणि महिन्यातून एकदा शाळेत आणायचं. तिथून ते पुनर्वापर करणाऱ्याकडे जातं. वरवर अगदी साधी गोष्ट. पण घरात काय होतं बघा. सकाळी दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, चिकटलेला ठेवायचा, कारण तो नखाएवढा तुकडाच गटारात जातो, तो कुणाच्या हाती लागत नाही. पिशवी आतून विसळायची आणि ते पाणी कुंडीत ओतायचं. मग ती उलटी करून, चिमट्यात अडकवून दोरीवर टांगायची. ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी वास सुटतो आणि आई सगळंच फेकून देते. सातवीतली मुलगी हे आजीला शिकवते, आजी कामाला येणाऱ्या मावशींना सांगते. मुलगी शाळा सोडून गेली तरी दोरी आणि चिमटे घरात राहतात, आणि शाळेत पुढच्या वर्षी नवी सातवी येते. म्हणजे या कामाचा भार एका उत्साही पोरावर नाही. तो शाळेच्या वेळापत्रकावर आणि घरच्या मोरीवर आहे. म्हणून ते टिकतं.

असं टिकवण्याची कला पुण्याला दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही. इथली गणेश मंडळं १८९०च्या दशकापासून चालत आलेली आहेत. मंडळात दहा वर्षांचं पोर दोरी धरतं, पंधराव्या वर्षी वर्गणीचं पावतीपुस्तक हातात येतं, विशीत सजावट, तिशीत उत्सवप्रमुख, पुढे खजिनदार. कुणी नोकरीला बाहेरगावी गेलं तर त्याची जागा भरणारा आधीच तयार असतो. रात्री दोनला जनरेटर बिघडला तर कुणाला उठवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. एवढी माणसं, एवढी जागा, एवढा हिशेब आणि एवढा लोकांचा विश्वास दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे आहे? तेव्हा मंडळांच्या अध्यक्षांना आणि जुन्या कार्यकर्त्यांना माझी पहिली विनंती: तुमच्या भागातली मुलं पर्यावरणाचं जे काम करतात, ते मंडळाच्या पंखाखाली घ्या. दहा दिवसांपुरतं नको, वर्षभरासाठी घ्या. पावतीपुस्तकात त्याचं वेगळं खातं काढा.

विसर्जनाच्या दिवशी घाटावर मुलं काय करतात, ते आपण पाहिलेलं आहे. दुपारपासून रात्रीपर्यंत उभं राहून निर्माल्य मागून घेतात, त्यातला हार, दोरा, प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल वेगळा करतात. काही जण हौदात विसर्जन करा म्हणून हात जोडतात आणि कधी कधी बोलणी खातात. पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरच्या घरी विरघळवण्याची पद्धत शोधली आणि २०१६ पासून महापालिकेनं ती पावडर लोकांना दिली. शाडूच्या मूर्तीची माती गोळा करून पुन्हा मूर्तिकारांना देण्याचा ‘पुनरावर्तन’ उपक्रमही इथलाच. या सगळ्या गोष्टी हाताशी आहेत. घाटावर त्या मुलांच्या शेजारी गल्लीतले काका-काकू उभे असले, तर निर्माल्य नदीत फेकणारा माणूस सहसा आवाज चढवत नाही. वीस वर्षांच्या मुलाला जे ऐकवलं जातं, ते साठीच्या शेजाऱ्याला ऐकवायची हिंमत होत नाही. आपलं वय तिथं कामाला येऊ द्या.

आता सोसायट्यांबद्दल, कारण खरी अडचण तिथं आहे. ओला कचरा जिरवायचा खड्डा बंद पडतो तो बहुतेक वेळा पावसाळ्यात. जुलैत पाणी शिरतं, भाजीची देठं आणि शिळा भात सडतो, वास येतो, चिलटं होतात. तळमजल्यावरचे तक्रार करतात आणि कमिटी कुलूप लावते. खरं तर उपाय कुणाही माळ्याला ठाऊक आहे: वर पत्र्याचं छप्पर, खाली पाणी निघायला वाट, आणि प्रत्येक ओल्या थरावर कोरड्या पाल्याचा थर. तो पाला आपल्याकडेच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो झाडून आपण कोपऱ्यात पेटवतो आणि धूर सगळ्या इमारतीत जातो. तोच पोत्यांत भरून ठेवला तर पावसाळाभर पुरतो. मुलांना हे समजतं. त्यांच्याकडे नसतात ते छपराचे पैसे, पोती ठेवायला जिन्याखालची जागा आणि पाण्याच्या नळाची परवानगी. या तिन्ही गोष्टी कमिटीच्या हातात असतात. गांडूळखत, पर्जन्यजलसंचय, सौरऊर्जा असे प्रकल्प चालू असणाऱ्या मिळकतींना महापालिका करात सवलत देते, हेही खजिनदारांनी लक्षात घ्यावं. मात्र सवलत चालत्या प्रकल्पाला असते, कागदावरच्या नव्हे.

कचरा डोळ्याआड झाला म्हणजे संपला, असं पुणेकरांनी फार वर्षं मानलं. आधी तो कोथरूडला पडत होता. त्या जागी आज मेट्रोचा डेपो आहे. मग तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला, तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं आणि गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या. नाल्याचंही तेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला. त्या पावसात पुण्यात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. ओढा अरुंद झाला होता, त्याच्या पात्रात बांधकाम आणि कचरा होता. आपल्या मागच्या नाल्यात कुणी प्लास्टिक टाकतंय का, हे बघणारी पोरं कुणाचा जीव वाचवत असतात.

तरुणांचा झाडू आपल्याला आवडतो, त्यांचा प्रश्न आवडत नाही. हे मला मनापासून खटकतं. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध आणि नदीकाठ सुधार योजनेत जाणाऱ्या झाडांसाठी पुण्यात मोर्चे निघाले, तेव्हा त्यांत पुष्कळ विद्यार्थी होते. त्यांनी नकाशे वाचले, हरकती लिहिल्या, सुनावणीला गेले. रस्ता हवा की नको, यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. पण हरकत कशी लिहायची, माहितीचा अर्ज कुठं द्यायचा, हे शिकणारी पोरं शहराचं कामच करत असतात. ‘अभ्यास करा, या भानगडीत पडू नका’ असं त्यांना म्हणू नका. ज्यांना सरकारी कागद वाचायची सवय आहे, अशा निवृत्त मंडळींनी त्यांच्याजवळ बसावं. तुमची तीस वर्षांची नोकरी तिथं उपयोगी पडेल.

चार शब्द तरुणांनाही. काम सुरू करायच्या आधी ‘स्वच्छ’च्या ताईंशी बोला. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर कामाला लागली. तुमच्या गल्लीत कुठल्या घरातून काय निघतं, कोणत्या प्लास्टिकला भाव येतो, कोणतं कुणीच घेत नाही, हे त्या ताईंइतकं कुणालाच माहीत नाही. त्यांना बाजूला सारून मोहीम काढू नका. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, एवढं एक जरी तुमच्या मजल्यावर तुम्ही रुजवलंत, तरी त्यांच्या हातांची विटंबना थांबेल.

टेकडीवर झाडं लावण्याची घाई नको. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड भरपूर झाली आहे आणि तिथलं मूळचं गवताळ माळरान, त्यातले पक्षी, फुलपाखरं मागे हटली आहेत. गवताची जागा मोकळी समजून खड्डे काढू नका. आधी जाणत्याला विचारा. आणि लावलेल्या रोपाला तीन उन्हाळे पाणी मिळणार असेल, तरच लावा. आपल्याकडे सकाळी टेकडी चढणारी कितीतरी माणसं घरून पाण्याची बाटली नेतात आणि एका ठरलेल्या झाडाला घालतात. तुम्ही परीक्षेला बसाल तेव्हा तुमच्या रोपांना पाणी देणारे हेच असतील. त्यांची ओळख आत्ताच करून ठेवा. एक वही ठेवा. तिच्यात काय केलं, किती माल गेला, कुणाला दिला, कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, एवढं लिहा. फोटो फोनबरोबर जातात, वही गल्लीत राहते.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. या वर्षीच्या सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय घाला: आपल्या आवारात तरुणांनी सुरू केलेलं पर्यावरणाचं काम आणि त्यासाठी जागा, पाणी, खर्च. काम करणाऱ्या मुलामुलींना त्या सभेला बोलवा, खुर्ची द्या, त्यांचं ऐका. मग त्यांच्या समोरच ठरवा, की ती बाहेरगावी गेली की किल्ली कोण सांभाळणार, आणि ते नाव इतिवृत्तात लिहून घ्या. जमलं तर ते नाव तुमचं असू द्या.