‘लिफ्ट केलीस ना, मग थरथरणारच!’

हे वाक्य मी गेल्या दीड वर्षात निदान दहा जणांकडून ऐकलंय. टायरवाल्याकडून, गॅरेजवाल्या काकांकडून, ऑफरोडिंगच्या ग्रुपवरच्या दादालोकांकडून. गाडी जिप्सी, सेकंडहँड, आधीच्या मालकाने उचललेली. साठच्या पुढे गेलं की सीटखाली भुणभुण सुरू व्हायची आणि ऐंशीला आरशातला मागचा ट्रक विरघळायला लागायचा. मीही मान डोलावून गप्प बसलो होतो. आता मला या वाक्याचा राग येतो.

कारण त्यामागे कुणीच काही मोजलेलं नसतं. माझ्या गाडीची चाकं तीनदा बॅलन्स झाली. दोन्ही क्रॉस बदलले, मग इंजिनाची माउंटिंग बदलली. आम्ही कोड लिहिणारे यालाच ‘रिस्टार्ट करून बघ’ म्हणतो. चौथ्या महिन्यात नवा क्रॉस उघडला तर आतल्या सुयांचा लाल भुगा झालेला. तो क्रॉस ताम्हिणीच्या उतारावर तुटला असता तर शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं असतं. शेजारच्या सीटवर बहुतेक रविवारी बाबा असतात.

आता खरं कारण. कोनात बसवलेला क्रॉस फिरणं एकसारखं पुढे देत नाही. दर फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन 10 अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का, 20 अंशांना सहा टक्के. म्हणजे कोन दुप्पट झाला तर त्रास चौपट. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक उलटी करून खाऊन टाकतो, पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत असतील तरच. (शाफ्ट खोलून परत जोडताना योक एक-दोन दाते इकडेतिकडे बसला तरी खेळ संपला. खोलण्याआधी खडूने खूण करा.)

माझ्या गाडीला मागे दोन इंच जास्त लांबीच्या शॅकल लावलेल्या होत्या. उचलण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग. पाट्यांची लांबी साधारण मीटरभर धरली तर दोन इंचांनी मागचं टोक खाली गेलं की पाटे जवळपास 3 अंश वळतात, आणि त्यांच्यावर बांधलेल्या अॅक्सलचं नाकही तेवढंच वर वळतं. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी करून मी फोनच्या अॅपने कोन मोजले. (जॅकवर लोंबकळत्या अॅक्सलचे आकडे फसवे असतात.) ट्रान्सफर केसकडे 12 अंश, अॅक्सलकडे 9. ऐकायला फरक तीनच अंशांचा, पण चढउतार कोनाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे उरलेला हिशेब एकट्या 8 अंशांच्या क्रॉसएवढा होतो.

आणि पुरावा खिशातच होता. चाकाचा घेर 2.3 मीटर आणि अॅक्सलचा रेशो 4 धरला, तर ताशी 80 किलोमीटरला चाक सेकंदाला साडेनऊ फेरे घेतं आणि शाफ्ट 38. टायरचा दोष साडेनऊला दिसेल, शाफ्टच्या बॅलन्सचा 38ला आणि कोनाचा त्याच्या दुप्पट, 77च्या आसपास. फिफॉक्ससारखं फुकट अॅप चालू करून फोन सीटच्या पट्टीला घट्ट बांधला, मित्राला गाडी चालवायला दिली. फक्त फोनचा सेन्सर सेकंदाला 200 तरी नोंदी घेणारा हवा. शिखर आलं 77च्या शेजारी. तीन वेळा बॅलन्सिंगचे पैसे साडेनऊच्या दोषासाठी मोजले होते मी, जो नव्हताच.

यावर दादालोकांचा ठरलेला सल्ला म्हणजे ट्रान्सफर केस इंचभर खाली घे. म्हणजे जमिनीपासूनची उंची वाढवायला गाडी उचलायची आणि गाडीतली सगळ्यात अवघड जागा परत खाली आणायची! ‘मग उचलूच नका, कलम 52 आहे’ म्हणणाऱ्यांशी मात्र मला भांडता येत नाही. मोटार वाहन कायदा मूळ रचनेत असे परस्पर बदल करू देत नाही, आणि रीलसाठी उचललेल्या निम्म्या गाड्या बघता कायदा अगदीच वेडा नाही.

पण गॅरेजवाल्यांना शिव्या घालायला मी हे लिहीत नाहीये. काका दहावीनंतर हातात पाना घेऊन शिकले. माझ्याकडे मेकॅनिकलची डिग्री आहे. दुसऱ्या वर्षाला हूक्स जॉइंटची सिद्धता मी पाठ करून उतरवली होती, मार्कही पडले होते. तोच जॉइंट माझ्या सीटखाली दीड वर्ष ओरडत होता आणि मी पगारातून टायरवाल्याला पैसे देत होतो. माझ्या वर्गातले निम्मे हिंजवडीत बसतात. त्यांच्याही उचललेल्या गाड्या थरथरतात आणि तेही मान डोलावतात. लाज वाटायची तर इथे वाटायला हवी.

भोसरीतल्या लेथवाल्याकडून 3 अंशांच्या लोखंडी पाचरी करून घेतल्या, पाटे आणि अॅक्सलच्या मधे घातल्या, यू-बोल्ट नव्याने आवळले आणि शंभर किलोमीटरनंतर परत आवळले. आता दोन्हीकडे 12 आहेत. नव्वदच्या पुढे अजून थोडी कुरकुर आहे, कारण कोन सारखे असले तरी मोठेच आहेत आणि मधला शाफ्ट अजून पुढेमागे होतोच. त्यावर उपाय वरच्या टोकाला दुहेरी जॉइंटचा शाफ्ट आणि अॅक्सलचं नाक सरळ त्याच्याकडे वळवणं. ते बोनसनंतर.

काकांना आकडे दाखवले तेव्हा ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फोन हातात घेतला, गॅरेजच्या फरशीवर ठेवला, शून्य येतोय का बघितलं. मग कोपऱ्यातल्या उचललेल्या थारकडे बोट दाखवून म्हणाले, “हे अॅप माझ्या फोनात टाकून दे. तिची तीच तक्रार आहे, आणि काल मीच त्या पोराला सांगितलं, एवढं चालायचंच.”