वाचायला मोफत, प्रकाशित करायलाही मोफत

शोधनिबंध लिहिणाऱ्याला त्याचे पैसे मिळत नाहीत, तपासणाऱ्या परीक्षकांनाही सहसा नाहीत. तरीही तो वाचायचा तर ग्रंथालयाने भरघोस वर्गणी भरायची, नाहीतर तो सर्वांना खुला व्हावा म्हणून लेखकाने शुल्क मोजायचे. हा अंक या दोन्ही गोष्टी नाकारणाऱ्या संशोधनपत्रिकांविषयी आहे.

२००१ मध्ये ‘मशीन लर्निंग’ या नामांकित पत्रिकेच्या संपादक मंडळातल्या ४० जणांनी राजीनामे दिले आणि वर्षभरापूर्वीच सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च’च्या पाठीशी ते उभे राहिले. लेस्ली केल्बलिंग तिच्या पहिल्या संपादक. तिथे वाचकाला वर्गणी नाही, लेखकाला शुल्क नाही आणि निबंधाचा स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहतो. संपादक आणि परीक्षक विनावेतन काम करतात, पानांची मांडणी लेखकच करून देतात; खर्च आटोक्यात राहतो तो त्यामुळे. आज या क्षेत्रातल्या सर्वात मानाच्या पत्रिकांमध्ये तिची गणना होते, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे २०२४ मध्ये संशोधनपत्रिकांची वर्गणी सरकारने एकत्रितपणे भरण्याची ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये. सरकारी संस्थांची मोठी सोय झाली, पण राज्यातल्या असंख्य खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांतले अध्यापक आणि विद्यार्थी पहिल्या टप्प्यात बाहेरच राहिले. म्हणूनच हा विषय आत्ता. अशी पत्रिका उभी करायला माणसे, सर्व्हर आणि वेळ कुठून आणायचा, यावर या अंकात भर आहे.

तुमच्या विभागात असा प्रयत्न चालू असेल, किंवा अर्ध्यावर थांबला असेल, तर आम्हाला सविस्तर लिहा. निवडक पत्रे पुढच्या अंकात छापू.