मंदावलेला लॅपटॉप कशाची वाट पाहतो

‘लॅपटॉप स्लो झालाय’ हे वाक्य तक्रार म्हणून पुरेसे असले तरी निदान म्हणून अपुरे आहे, कारण त्यात वापरणाऱ्याचा अनुभव तेवढा सांगितलेला असतो, यंत्राच्या आत काय घडते आहे याचा पत्ता त्यातून लागत नाही. तरीही एवढ्याच वाक्यावर अनेकदा ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकण्याचा’, म्हणजे डिस्कवरील सर्व मजकूर पुसून संगणक चालवणारी प्रणाली पुन्हा बसवण्याचा उपाय केला जातो. त्याने काही दिवस फरक पडतोही. परंतु मंदपणाचे मूळ शोधायला ज्या खुणा उपयोगी पडल्या असत्या, त्याही मजकुराबरोबर पुसल्या जातात आणि कारण यंत्रात तसेच राहिले असल्यास काही महिन्यांत तीच तक्रार पुन्हा उभी राहते. हा उपाय शेवटचा असायला हवा. तो पहिला होऊन बसला आहे, ही खेदाची बाब आहे.

प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारी चिप, वय झाले म्हणून थकत नाही. आठ वर्षांपूर्वी ती ज्या गतीने चालत होती त्याच गतीने ती आजही चालू शकते. म्हणून लॅपटॉप मंद वाटतो तेव्हा एक तर प्रोसेसर कशाची तरी वाट पाहत थांबलेला असतो, किंवा त्याच्यावरचे काम वाढलेले असते, किंवा त्याची गती मुद्दाम उतरवलेली असते. यांपैकी पहिले कारण, म्हणजे वाट पाहणे, जुन्या लॅपटॉपमध्ये सर्रास आढळते आणि नेमके त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

ही वाट किती लांबीची असते, हे आकड्यांशिवाय ध्यानात येत नाही. चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या रॅममधून एखादा तुकडा आणायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरणारे भाग नसलेल्या एसएसडीतून तो आणायला त्याच्या सुमारे हजारपट वेळ लागतो आणि जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमधून आणायला सुमारे दीड लाख पट. रॅमचा वेळ एक सेकंद धरला तर एसएसडीचा सुमारे 17 मिनिटे होतो आणि हार्ड डिस्कचा जवळजवळ पावणेदोन दिवस. हार्ड डिस्कच्या या दिरंगाईचे कारण निव्वळ यांत्रिक आहे. लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचक टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो आणि त्याआधी ते टोक धरणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. परिणामी विखुरलेल्या जागी पडलेली माहिती वाचायची झाल्यास ही डिस्क एका सेकंदात साठ-सत्तर ठिकाणांपलीकडे पोहोचू शकत नाही, आणि विंडोज सुरू होताना तर हजारो लहान लहान फायली उघडाव्या लागतात.

हे सारे पडद्यावर पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो, म्हणजे यंत्रातील कोणता भाग किती व्यग्र आहे ते दाखवणारी खिडकी. हार्ड डिस्कच्या लॅपटॉपमध्ये तेथे पुष्कळदा असे दिसते की प्रोसेसर 10 टक्क्यांवर आहे आणि डिस्कचा रकाना मात्र 100 टक्के दाखवतो, पण तपशिलात वाचनाचा वेग पाहावा तर तो सेकंदाला एक मेगाबाइटही नसतो. प्रथमदर्शनी हा विरोधाभास वाटतो. वस्तुतः डिस्क पूर्ण वेळ राबते आहे, मात्र तिचा बहुतेक वेळ वाचण्यात न जाता दांडा इकडून तिकडे सरकवण्यात जातो आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

डिस्कवर असा ताण येण्यामागे अनेकदा रॅमची टंचाई असते. रॅम अपुरी पडली की तिच्यातील काही भाग डिस्कवर ठेवून जागा मोकळी करायची आणि लागेल तेव्हा तो परत आणायचा, या व्यवस्थेला आभासी स्मृती म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठात 1962 मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात ती प्रथम वापरली गेली. व्यवस्था उत्तम आहे, पण तिला मर्यादा आहे. स्वयंपाकाचा ओटा इतका लहान असावा की माळ्यावरून एक डबा खाली आणण्यासाठी दुसरा डबा वर नेऊन ठेवावा लागावा, आणि चढ-उतारातच सकाळ संपून पोळीचा तवा तापायचा राहून जावा, अशी अवस्था संगणकाचीही होते. तिला थ्रॅशिंग म्हणतात आणि तिची पद्धतशीर मीमांसा पीटर डेनिंग या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने 1968 मध्ये केली. या अवस्थेचा विशेष असा की ती हळूहळू येत नाही: ब्राउझरमध्ये वीस पाने उघडी असेपर्यंत सारे सुरळीत चालते आणि आणखी दोन-तीन उघडली की माउसचा बाणसुद्धा अडखळू लागतो. टास्क मॅनेजरमध्ये रॅम 90 टक्क्यांच्या पुढे आणि डिस्क सतत व्यग्र असे दोन्ही एकदम दिसले, तर रॅम वाढवणे किंवा कामे कमी करणे हाच इलाज उरतो.

कोणत्या भागावर खर्च करावा, याचा हिशेब संगणक-अभियंते जीन अॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेल्या तत्त्वाने करता येतो: एखादा भाग वेगवान केल्याचा लाभ, एकूण वेळेत त्या भागाचा जेवढा वाटा असेल तेवढ्यापुरताच मिळतो. लॅपटॉप सुरू व्हायला 100 सेकंद लागतात आणि त्यांतले 80 डिस्कपायी जातात असे धरले, तर दुप्पट गतीचा प्रोसेसर आणूनही 90 सेकंद लागतील, उलट दहापट वेगवान डिस्क बसवल्यास 28 सेकंदांत काम होईल. म्हणूनच जुना लॅपटॉप टाकून नवा घेण्याआधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन एसएसडी बसवून घेणे बहुतेकांच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवता येत असल्याने त्यासाठी काही पुसावेही लागत नाही. मात्र काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणुकीची चिप मदरबोर्डलाच, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीलाच, डाखलेली असते, तेथे हा मार्ग बंद असतो, आणि ते खरेदीपूर्वीच विचारून घेणे योग्य.

काम वाढल्याने येणारा मंदपणा तुलनेने लवकर उलगडतो. पास्कल या संगणकभाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी 1995 मधील एका लेखात अशी व्यथा मांडली होती की यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर जड होत जाते. विंडोज 95 ला किमान 4 मेगाबाइट रॅम पुरत होती, विंडोज 11 ला किमान 4 गिगाबाइट लागते, म्हणजे हजारपटीहून थोडी अधिक. ही वाढ वापरणाऱ्याच्या हाती नाही. पण संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधूनच बंद करणे त्याच्या हाती आहे. व्हायरसचा संशय पुष्कळदा घेतला जातो, आणि तपासणी अवश्य करावी, परंतु विंडोजसोबत येणाऱ्या संरक्षक प्रोग्रॅमने संपूर्ण तपासणी केल्यावर काही सापडले नाही, तर तो विषय सोडून द्यावा.

लॅपटॉप पहिली दहा मिनिटे उत्तम चालून नंतर मंदावत असेल, तर उष्णतेचा विचार करावा लागतो. तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती उतरवतो. विदर्भात मे महिन्यात खोलीतील हवाच चाळीस अंशांच्या घरात असताना ही मर्यादा हिवाळ्यापेक्षा लवकर गाठली जाते. खालचे झाकण काढले तर पंखा आणि धातूच्या बारीक पात्यांची जाळी यांच्यामध्ये धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला आढळतो, आणि तो बाहेरून फुंकर मारून निघत नाही. याखेरीज काही लॅपटॉप चार्जरची ओळख पटली नाही तरी गती उतरवतात. चार्जरच्या पिनेतील ओळखीची बारीक तार तुटलेली असते, चार्जर काढताच प्रोसेसरचा वेग 0.8 गिगाहर्ट्झवरून पूर्ववत होतो, आणि तेवढ्या दोषापायी कित्येकदा मदरबोर्ड बदलण्यापर्यंत वेळ येते.

घाईने फॉरमॅट करण्याचा खरा धोका मात्र डिस्क निकामी होऊ लागली असेल तेव्हा असतो. तबकडीवरील काही जागा खराब झाल्या की डिस्क त्या पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि टास्क मॅनेजरमध्ये एरवी दोन आकडी मिलिसेकंदांत राहणारा प्रतिसादाचा सरासरी वेळ हजारांवर जातो; क्वचित टकटक असा आवाजही येऊ लागतो. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्मार्ट या अंतर्गत व्यवस्थेत स्वतःच ठेवत असते, आणि ती वाचून दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो यांसारखे प्रोग्रॅम मोफत मिळतात. त्या नोंदीत बदलाव्या लागलेल्या किंवा वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा वाढत असेल, तर नवीन विंडोज टाकल्याने जुन्या फायलींच्या जागी नवा मजकूर लिहिला जातो आणि घरातील लग्नाचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, दुकानाचा हिशेब यांपैकी जे वाचवता आले असते तेही जाते. अशा वेळी लॅपटॉप तत्काळ बंद करून डिस्क बाहेर काढावी, ती दुसऱ्या संगणकाला जोडून महत्त्वाच्या फायली आधी उतरवून घ्याव्यात, आणि विंडोज नवीन डिस्कवरच बसवावे.