कोलंबोहून आलेली गाणी

व्यापारी नभोवाणी म्हटली की सुशिक्षित माणसाच्या कपाळावर एक आठी उमटते. साबण, दंतमंजन आणि त्या दोहोंच्या मध्ये कसेबसे अंग चोरून बसलेले गाणे, असा तिच्याविषयीचा सर्वसाधारण ग्रह. हा ग्रह अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या एका व्यापारी केंद्राने भारतातील दोन पिढ्यांचे कान घडविले, त्या रेडिओ सिलोनचा इतिहास पाहिला म्हणजे त्या आठीचा थोडा पुनर्विचार करावासा वाटतो. शिवाय त्या इतिहासात आपल्या मराठी माणसांचा हात, कळत आणि नकळत, बराच आहे.

कोलंबोतील नभोवाणीचा आरंभ मोठा गमतीचा. तेथील तारखात्याचे मुख्य अभियंता एडवर्ड हार्पर यांनी पहिल्या महायुद्धात पकडलेल्या एका जर्मन पाणबुडीतील बिनतारी यंत्राचे भाग जुळवून प्रक्षेपक उभा केला आणि तार कचेरीच्या लहानशा खोलीतून ग्रामोफोनच्या तबकड्या वाजविल्या. नियमित प्रक्षेपण 16 डिसेंबर 1925 रोजी सुरू झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात लढणाऱ्या सैन्यासाठी ब्रिटिशांनी तेथे 100 किलोवॅटचा लघुलहरींचा प्रक्षेपक बसविला. युद्ध संपले, सिलोन स्वतंत्र झाले आणि 1949 साली ही सारी सामग्री त्या सरकारच्या स्वाधीन झाली.

आता एवढ्याशा बेटाने एवढ्या मोठ्या यंत्राचे करावे काय? लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परततात आणि शेकडो मैल दूर उतरतात; म्हणजे हा आवाज बेटात ऐकू येईल त्याहून अधिक बेटाबाहेर ऐकू येणार. सिलोनने हा आवाज विकावयास काढला. 1950 साली व्यापारी विभाग सुरू झाला, त्याची घडी बसविण्यास क्लिफर्ड डॉड हे ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ आले, आणि गिऱ्हाईक शोधण्यासाठी फार लांब जावे लागले नाही. गिऱ्हाईक पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडेच होते. मात्र त्याला त्या दुकानाकडे वळविण्याचे काम दिल्लीने केले.

1952 साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. हे आपले मराठी गृहस्थ विद्वान, शास्त्रीय संगीताचे जाणकार आणि मताचे पक्के. त्यांनी चित्रपटगीतांवर एका फटकाऱ्यात बंदी घातली असे पुष्कळदा सांगितले जाते. ते तितकेसे खरे नव्हे. चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला, गीते चाळणीतून काढली जाऊ लागली, आणि गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय म्हणून ते नावही गाळण्यात आले. यावर निर्माते रुसले आणि त्यांनी गाणी लावण्याची परवानगीच काढून घेतली. भांडण दोघांचे आणि उपवास श्रोत्यांचा, असा प्रकार झाला.

त्याच वर्षी, 3 डिसेंबर 1952 रोजी, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, गाणी सात. ती कालक्रमाने लावून पत्राने कळवावयाची आणि शंभर रुपयांचे बक्षीस मिळवावयाचे. ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फीत विमानाने कोलंबोस जाई. निवेदक अमीन सायानी तेव्हा विशीही न ओलांडलेले. आठवड्याचे मानधन पंचवीस रुपये. पहिल्या कार्यक्रमालाच नऊ हजार पत्रे आली, असे सायानी सांगत असत. वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. तेव्हा पत्रांची छाननी आवाक्याबाहेर गेली म्हणून कोड्याऐवजी लोकप्रियतेची चढती पायरी आली. ती ठरविण्यासाठी तबकड्यांच्या दुकानांतील खप आणि पुढे गावोगावच्या श्रोता संघांची मते घेतली जात. 1953 सालचे सर्वांत गाजलेले गीत म्हणून ‘अनारकली’तील जे गाणे नोंदले गेले त्याचे संगीतकार कोण, तर पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, गायिका लता मंगेशकर. मराठी मंत्र्याने उंबऱ्यावर थांबविलेले मराठी संगीत कोलंबोच्या खिडकीतून पुन्हा घरात आले!

भाषेचा शिक्षक म्हणून आम्हांस सायानींचे अधिक कौतुक वाटते ते त्यांच्या भाषेसाठी. त्यांच्या मातोश्री कुलसुम सायानी गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवीत. भाषा एकच, साधी हिंदुस्थानी, आणि लिप्या देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन. मुलगा त्या कामात वाढला, आणि त्याच्या शिक्षणाची काही वर्षे आपल्या ग्वाल्हेरच्या शिंदे विद्यालयात गेली. ‘बहनो और भाइयो’ असे म्हणताना बहिणींना आधी हाक मारणारा हा निवेदक संस्कृतप्रचुर बोलला नाही की फारसीप्रचुर बोलला नाही. आमच्या माळव्यातील मराठी घरांत पाठ्यपुस्तकातील हिंदीला जे साधले नाही ते या आवाजाने साधले. आजीबाईंनाही ते हिंदी समजे, आणि उत्तर मात्र त्या मराठीतच देत.

दुसरी गोष्ट नावांची. फर्माईश करणाऱ्यांची नावे, त्यांच्या गावासह, निवेदक वाचून दाखवीत. अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तिलैया हे गाव देशभर ठाऊक झाले ते याच पत्रांमुळे. सरकारी नभोवाणी त्या काळी श्रोत्यास उपदेश करी. व्यापारी नभोवाणीने त्याला नावाने हाक मारली. तिचा हेतू दंतमंजन खपविण्याचा होता हे कबूल, परंतु हाक ती हाकच. आमच्या लहानपणी, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, सकाळी जुन्या गीतांच्या शेवटी सैगल यांचे गाणे लागे. ते संपले की आठ वाजले असे समजून दप्तर उचलावयाचे. घड्याळाकडे पाहण्याचे कारण पडत नसे.

हे झाले एका बाजूचे. केसकरांच्या पारड्यात काही टाकले नाही तर अन्याय होईल. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 साली त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला, आणि ज्यांच्या दारात ग्रामोफोनही नव्हता अशा लोकांनी थोर गवई घरबसल्या ऐकले. 1 एप्रिल 1955, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. सीताकांत लाड यांची योजना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे स्वर, दर आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर छप्पन्न गीते. वाचकहो, कोणत्या दंतमंजनवाल्याने वर्षभर रामकथेस पैसा पुरविला असता? खपाच्या तराजूत ते रामायण पहिल्या आठवड्यातच हलके ठरले असते. केसकरांची चांगल्या संगीताची ओढ खरी होती. त्यांची चूक इतकीच की चांगले वाढण्यासाठी आवडते ताटातून काढून घ्यावे लागते असे त्यांनी मानले. मुले वाढविणारी कोणतीही गृहिणी त्यांना याहून शहाणा सल्ला देऊ शकली असती.

दिल्लीने अखेर माघार घेतली, आणि तीही केसकर मंत्री असतानाच. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. तिची मांडणी कवी पंडित नरेंद्र शर्मा यांची. चित्रपटगीते सन्मानाने परतली, पण जाहिरात तेव्हाही अस्पृश्यच. भारतीय मालाच्या जाहिरातींचा भारतीय पैसा आणखी दहा वर्षे कोलंबोच्या तिजोरीत जात राहिला. पुढे चंदा समितीने 1966 साली जाहिराती घेण्याची शिफारस केली आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून विविध भारतीवर त्या सुरू झाल्या. त्यासाठी पहिली केंद्रे निवडली गेली ती मुंबई, पुणे आणि नागपूर, म्हणजे तिन्ही महाराष्ट्रातली!

सिलोनचे केंद्र त्याच 1967 साली महामंडळ झाले. 1972 साली देशाचे नाव श्रीलंका झाले, पण आपल्या घरांत ते ‘सिलोन’च राहिले. विविध भारती जवळची आणि स्वच्छ ऐकू येणारी. कोलंबोचा आवाज मात्र रात्रीच्या हवेवर हेलकावे खात येई, आणि त्याला पकडण्यासाठी बटण केसभर फिरवून श्वास रोखून थांबावे लागे. तरी बुधवारी रात्री आठला काटा तिकडेच जाई. 1989 साली गीतमालाच विविध भारतीवर आली आणि कोलंबोस फीत पाठविण्याचे कारण उरले नाही. अमीन सायानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत वारले, तेव्हा ते एक्क्याण्णव वर्षांचे होते.